उभ्या होडीची घाई

होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेल्या इंजिनाला आउटबोर्ड म्हणतात, आणि चालकाने काहीही मागितलेले नसताना हे इंजिन ज्या किमान वेगाने फिरत राहते त्या वेगाला आयडलिंग म्हणतात. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबाने इंधन फवारणाऱ्या, आजच्या चार-स्ट्रोक आउटबोर्डांत हा वेग मिनिटाला साधारणपणे ६०० ते ९०० फेरे इतका ठरवलेला असतो. इंजिन पुरेसे तापलेले असताना आणि लिव्हर मधल्या जागी असतानाही ते १,३०० किंवा १,५०० फेऱ्यांवर गुरगुरत राहिले, तर कंपनीची पुस्तिका त्या अवस्थेला 'हाय आयडल' म्हणते आणि मालवण-देवबागच्या जेटीवर 'मशीन रेस घेता' एवढ्यावर काम भागते. या विकाराचे वैशिष्ट्य असे की त्यात काहीही बंद पडत नाही. बंद पडलेल्या इंजिनाविषयी मालकाला दुःख होते आणि ते दुःख निःसंदिग्ध असते. प्रमाणाबाहेर उत्साहाने चालणाऱ्या इंजिनाविषयी मात्र त्याला प्रथम समाधान वाटते, आणि पैसे वसूल होत असल्याची भावना त्याच्या मनात काही काळ वास करते.

ही भावना गिअर टाकेपर्यंत टिकते. मोटारीत इंजिन आणि चाके यांच्यामध्ये घर्षणाचा क्लच असतो व तो दोघांची गाठ हळूहळू घालून देतो. आउटबोर्डच्या पाण्यात बुडालेल्या गिअरपेटीत अशा मध्यस्थाची सोय नाही. तेथे दातेरी क्लच असतो, म्हणजे दाते असलेला एक भाग सरकून फिरत्या गिअरच्या दात्यांत थेट अडकतो, आणि हा प्रकार इंजिन आपल्या किमान वेगावर असतानाच होईल असे ते घडवणाऱ्याने गृहीत धरलेले असते. १,५०० फेऱ्यांवर तो घडला की 'खटॅक' असा आवाज होतो, होडी पुढे झेपावते, सिंधुदुर्ग किल्ला पाठीशी घेऊन छायाचित्रासाठी उभे राहिलेले पर्यटक एकदम बसतात, आणि तांडेल नसलेल्या लाटेकडे दोषारोपाच्या नजरेने पाहतो. हे वारंवार झाल्यास दात्यांच्या कडा झिजून गोल होतात व पुढे गिअर अडकून राहीनासाच होतो. शिवाय होडीला ब्रेक नसतो. जेटीला लागताना वेग उतरवण्याचा सभ्य मार्ग म्हणजे इंजिन मंद करणे हाच असल्यामुळे, इंजिनाने मंद होण्यास नकार दिला की जेटीशी येणारा संबंध असभ्य ठरतो.

आउटबोर्डच्या स्वभावातच घाई आहे, असे म्हणण्याला इतिहासाचाही थोडा आधार सापडतो. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेतील मिलवॉकी शहरात उद्योग उभारलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये दीड अश्वशक्तीचे आउटबोर्ड विक्रीस आणले, आणि ही कल्पना त्यांना उन्हाळ्यात तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना, वल्ही मारता मारता ते वितळून गेल्यामुळे सुचली, अशी आख्यायिका त्या व्यवसायात आवडीने सांगितली जाते. पुढे अनेक दशके बहुतेक आउटबोर्डांत हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करण्याचे काम कार्बोरेटरकडे होते, आणि कार्बोरेटरला 'स्लो'चा स्क्रू होता. आयडलिंगचा वेग वाढला की हा स्क्रू थोडा सोडायचा आणि मंदावला की थोडा आवळायचा, एवढ्या ज्ञानावर स्क्रूड्रायव्हर बाळगणारा कोणीही मनुष्य किनाऱ्यावर तज्ज्ञ म्हणून सन्मानाने जगू शकत असे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुझुकीने आपल्या ६० आणि ७० अश्वशक्तीच्या चार-स्ट्रोक इंजिनांत इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आणले, इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या, आणि आयडलिंगचा वेग ठरवण्याचा अधिकार इंजिनावरील कॉम्प्युटरकडे गेला. या स्थित्यंतरात स्क्रूचे महत्त्व संपले. तज्ज्ञ मात्र आपल्या जागी, स्क्रूड्रायव्हरसह, कायम राहिला.

त्यामुळे रेस घेणारे इंजिन जेटीला लागले की निदानांची जी बैठक भरते, तिचा अभ्यास यंत्रशास्त्राइतकाच समाजशास्त्राच्या दृष्टीनेही उद्बोधक ठरतो. पहिला पक्ष "पेट्रोलात पाणी असतला" असे जाहीर करतो, आणि अलीकडे या पक्षाला वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाचे बळकट प्रमाण मिळाले आहे, कारण इथेनॉल पाणी ओढून घेते आणि आउटबोर्डच्या पुस्तिकांत बहुधा दहा टक्क्यांपर्यंतच त्याला परवानगी दिलेली असते. दुसरा पक्ष प्लग बदलण्याच्या मताचा असतो व तो कोणत्याही विकारावर त्याच मताचा असतो. तिसरा पक्ष वयाने लहान असून तो फक्त "कॉम्प्युटर गेला" एवढेच म्हणतो, आणि मालकाचा चेहरा याच निदानाने सर्वांत गंभीर, परंतु काहीसा तृप्तही होतो. येथे एक नियम दिसून येतो: निदानाची प्रतिष्ठा जितकी मोठी, तितकी त्याच्या खरेपणाची शक्यता कमी. आपल्या यंत्राला झालेला आजार आपल्या यंत्राच्या किमतीला शोभावा, अशी मालकाची नकळत अपेक्षा असते, आणि लाखांत किंमत असलेल्या इंजिनाला वीतभर रबरी नळीने वेठीस धरावे ही गोष्ट त्याच्या मनाला पटत नाही.

वास्तविक पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाची गती मुख्यतः हवेने ठरते. हात पुढे सरकवला की थ्रॉटल बॉडीतील, म्हणजे हवेच्या वाटेवरील, पातळ झडप उघडते, हवा जास्त येते, त्या हवेच्या मानाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो आणि फेरे वाढतात. पाणी मिसळलेले किंवा जुने झालेले पेट्रोल इंजिनाला अडखळवते, खोकायला लावते, कधी बंद पाडते. एका लयीत आणि निरोगी आवाजात दुप्पट वेगाने फिरवण्याचे सामर्थ्य त्याच्यात नसते. म्हणून गुळगुळीत चालणाऱ्या वाढीव आयडलिंगमागे कोठून तरी जादा हवा आत येत आहे, एवढे धरून चालावे, आणि मग एकच प्रश्न विचारावा, की ही हवा कॉम्प्युटरच्या हुकमाने येत आहे की हुकमाविना. या प्रश्नाच्या उत्तरात बहुतेक निदान सामावलेले असते. परंतु त्याआधी विकार खरोखर अस्तित्वात आहे की नाही हे तपासण्याचा एक कंटाळवाणा टप्पा येतो, आणि बैठकीतील कोणालाही तो आवडत नाही.

या टप्प्यात पहिला संशयित फेरे दाखवणारा मीटर असतो. इंजिनाच्या चाकाखाली वीज तयार करणारा जो भाग असतो त्यातील चुंबकांच्या ध्रुवांनुसार दर फेऱ्याला विजेचे काही स्पंद निघतात, आणि काटा असलेला साधा मीटर ते मोजून फेऱ्यांचा आकडा दाखवतो. त्यासाठी किती ध्रुव धरायचे हे अशा मीटरच्या पाठीवरील एका छोट्या बटणाने ठरवावे लागते. बारा ध्रुवांच्या इंजिनाला जोडलेला मीटर सहावर ठेवलेला असेल, तर ७०० फेऱ्यांनी शांतपणे चालणारे इंजिन १,४०० दाखवते, आणि मालक निरोगी रुग्णाला घेऊन दारोदार हिंडतो. दुसरा संशयित थंडपणा असतो. नुकतेच सुरू केलेले इंजिन काही मिनिटे जास्त फेऱ्यांनी चालावे अशी कॉम्प्युटरला शिकवणच असते, आणि ज्यांची सारी गाऱ्हाणी सुरू केल्यापासूनच्या पहिल्या दोन मिनिटांतील असतात त्यांच्यावर औषध म्हणजे थोडा दम धरणे एवढेच असते. तिसरा संशयित जागेचा असतो: इंजिन किनाऱ्यावर ठेवून, पाणी शिरण्याच्या छिद्रांवर रबरी कप बसवून व त्यांना पाइपने पाणी देऊन चालवले, तर उत्सर्जित धुराला पाण्याचा अडथळा नसल्यामुळे ते होडीवरच्यापेक्षा थोडे चढेच चालते, म्हणून अंतिम निकाल पाण्यातच द्यावा. पाण्याशिवाय मात्र ते क्षणभरही चालवू नये, कारण थंड पाणी खेचणारा रबरी पंखा कोरडा फिरला की अल्पावधीत जळतो, आणि मग हाय आयडलची तक्रार आपोआप मागे पडते. चौथा संशयित म्हणजे गळ टाकून मासेमारी करताना संथ वेग कमीजास्त करण्यासाठी काही इंजिनांना दिलेले बटण. त्यावर खलाशाचा कोपर टेकला की आयडलिंग टप्प्याटप्प्याने चढते आणि कोपर निर्दोष राहतो.

इतके झाल्यावर लिव्हरकडे वळावे. अनेक आउटबोर्डांच्या कंट्रोल पेटीवर, गिअर न टाकता इंजिन थोडे वाढवून गरम करता यावे म्हणून, एक वेगळी दांडी किंवा बटण असते, आणि ते वर राहिले तर इंजिन अर्थातच रेस घेते. हा शोध ज्या दिवशी लागतो त्या दिवशी बैठकीत विलक्षण शांतता पसरते आणि पुष्कळांना अचानक घरची कामे आठवतात. ती दांडी खाली असूनही वेग वाढलेलाच असेल, तर कंट्रोल पेटीपासून इंजिनापर्यंत येणारी ॲक्सिलरेटर केबल इंजिनाकडच्या टोकाला सोडून पाहावी. केबल सोडताच फेरे खाली आले, तर दोष केबलच्या ताणात, तिच्या आत साचलेल्या मिठात किंवा तिला मिळालेल्या अनावश्यक वळणात असतो, कारण केबल झडपेला किंचित उघडी धरून ठेवत असते आणि इंजिन बिचारे मिळालेल्या हवेशी प्रामाणिक राहत असते. ही चाचणी जवळजवळ फुकट आहे, आणि तिच्याविषयीचा अनादर बहुधा याच कारणाने असावा.

केबल निर्दोष सुटली की हुकमाविना येणाऱ्या हवेचा तपास सुरू होतो. अनेक आउटबोर्डांत कॉम्प्युटर हवा थेट मोजत नाही. इंजिनाच्या श्वसनमार्गातील, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधील, दाब एका सेन्सरने मोजून त्यावरून आत किती हवा आली असेल याचा तो अंदाज बांधतो. मांडलेल्या पानांवरून स्वयंपाकाचा अंदाज घेणाऱ्या आचाऱ्याला निमंत्रणांची यादी ठाऊक नसते, त्यामुळे मागच्या दाराने शिरून पंगतीत बसलेल्या आगंतुकांनाही तो त्याच आदराने वाढतो. कॉम्प्युटरचेही तसेच होते. फाटलेल्या नळीतून, आकसलेल्या गॅसकेटमधून किंवा झाकणाच्या चिरेतून आलेली हवा दाब वाढवते, वाढलेल्या दाबाचा मान राखून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, आणि चोरवाटेने आलेल्या हवेचेही यथासांग ज्वलन होऊन फेरे चढतात. वेग ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला हे लक्षात येताच तो आपल्या हातातील एकमेव दार, म्हणजे आयडल एअर कंट्रोल हा बंद थ्रॉटलला वळसा घालून थोडी हवा सोडणारा छोटा वॉल्व्ह, लावून घेतो. परंतु खिडक्या त्याच्या ताब्यात नसतात. हा वॉल्व्हच काजळीने किंवा मिठाने उघडा अडकला असेल, तर दार लावल्याचा त्याचा समजही खोटा ठरतो. अशा वेळी त्या वॉल्व्हची हवा आत घेणारी वाट बोटाने झाकावी. इंजिन लगेच मंदावले तर गुन्हेगार बोटाखालीच असतो, आणि काहीच फरक पडला नाही तर शोध दुसरीकडे न्यावा.

कोकणात या शोधाला एक हंगामही आहे. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किनाऱ्यावरील पर्यटकांच्या होड्या बंद असतात, आणि आउटबोर्ड प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून पडवीत किंवा माडाच्या आडोशाला ठेवलेले असते. या तीन महिन्यांत मालक विश्रांती घेतो. इतर जीव घेत नाहीत. उंदराला रबरी नळीची चव कळते, कुंभारमाशी चिखलाचे घर बांधण्यासाठी नेमके नळीचे तोंड निवडते, आणि खारी दमट हवा स्प्रिंगांना व सांध्यांना गंज चढवते, ज्यामुळे सप्टेंबरात हात मागे घेतला तरी झडप पूर्ण मागे येत नाही. नळी सापडत नसेल तर इंजिन चालू ठेवून संशयित सांध्यांवर थोडासा साबणाचा फेस लावावा; गळती असेल तेथे तो आत ओढला जातो आणि फेरे हलतात. कार्बोरेटर साफ करण्याच्या स्प्रेनेही हे कळते व जास्त लवकर कळते, परंतु तो ज्वलनशील असल्यामुळे निदानाबरोबर इंजिनही पेटण्याची शक्यता असते, आणि त्या परिस्थितीत बैठकीतील मतभेद अतिशय वेगाने मिटतात.

दुसरी शक्यता अशी की जादा हवा कॉम्प्युटर स्वतःच मागवत असेल, कारण त्याच्या माहितीप्रमाणे इंजिन थंड आहे. आउटबोर्ड समुद्राचेच पाणी फिरवून थंड होते, आणि पाणी फार तापल्यास आत क्षार साचत असल्याने त्याचा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक उष्णतेलाच पाण्याची वाट मोकळी करणारा झडपेचा भाग, मोटारीच्या मानाने बऱ्याच कमी तापमानाला, साधारण ५० ते ६० अंश सेल्सियसला, उघडतो. वाळूचा कण किंवा मिठाचा खडा त्यात अडकून तो कायमचा उघडा राहिला, की पाणी अखंड वाहते, इंजिन कधीच पुरते तापत नाही, आणि कॉम्प्युटर त्याला थंडी वाजू नये म्हणून तासन्‌तास जास्त फेऱ्यांवर चालवत राहतो. तापमानाच्या सेन्सरचा प्रकार याहून मजेशीर आहे. थंडी जितकी जास्त तितका या सेन्सरचा विद्युतरोध जास्त, असा त्याचा गुणधर्म असल्यामुळे, त्याच्या जोडावर चढलेल्या हिरव्या गंजाने वाढवलेला रोध कॉम्प्युटरला थंडीच वाटतो. परिणामी मे महिन्याच्या टळटळीत दुपारी, अंगातून घामाच्या धारा वाहत असलेल्या तांडेलाच्या मागे, नॉर्वेतील जानेवारी महिना गृहीत धरून एक इंजिन चाललेले असते.

या सर्वांत दुर्दैवी अवस्था ती, ज्यात मूळ दोष लहान होता आणि मदत मोठी झाली. थ्रॉटलची झडप कोठवर मिटावी हे ठरवणारा एक स्क्रू इंजेक्शनच्या इंजिनातही असतो, परंतु तो कारखान्यात बसवून त्यावर रंगाचा ठिपका दिलेला असतो व त्याला हात लावू नये असा त्या ठिपक्याचा अर्थ असतो. जुन्या तज्ज्ञाला हा ठिपका आमंत्रण वाटते. स्क्रू फिरला की झडपेच्या दांड्यावरील थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा, म्हणजे झडप किती उघडी आहे हे सांगणाऱ्या सेन्सरचा, मिटलेल्या अवस्थेतील आकडा सरकतो. अनेक इंजिनांत हा आकडा एक व्होल्टच्या आत असावा लागतो, आणि तो चढला तर चालकाने थोडी गती मागितली आहे असे समजून कॉम्प्युटर आयडलिंगचे नियमच बाजूला ठेवतो. आता एका विकाराचे दोन झालेले असतात, पहिला दुसऱ्याच्या मागे लपलेला असतो, आणि "मी हातसुद्धा लावूक नाय" हे विधान जेटीवरील प्रत्येकाने एकेकदा केलेले असते. त्या विधानाची खातरजमा तडा गेलेल्या रंगावरून होते, आणि म्हणूनच तपासणीला आलेला अनुभवी मेकॅनिक आधी त्या ठिपक्याकडे व मग सभोवतालच्या चेहऱ्यांकडे पाहतो.

मेकॅनिक कंपनीचा असेल तर तो लॅपटॉप जोडतो, आणि हुकूम की हुकमाविना या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर मिळते. फेरे चढलेले असताना कॉम्प्युटर हवेचा वॉल्व्ह बंद करण्याची पराकाष्ठा करत असेल, तर नळ्या, गॅसकेट, केबल, स्प्रिंग किंवा तो वॉल्व्हच शोधावा. उलट तो स्वतःच वॉल्व्ह उघडा ठेवत असेल, तर थर्मोस्टॅट आणि तापमानाचा सेन्सर पाहावा. याच लॅपटॉपवर इंजिन कोणत्या वेगाला एकूण किती तास चालले याची नोंदही अनेकदा उघडते, आणि आपण होडी कधी अर्ध्याच्या वर पळवलीच नाही असे सांगणारा मालक त्या क्षणी पाण्याची धार नीट पडते आहे का हे पाहण्यासाठी मागे वाकतो.

बहुतेक वेळा शेवटी सापडते ती दोन बोटे लांबीची, चिरलेली रबरी नळी. ती बदलताच फेरे ७०० वर येतात, आणि मालकाच्या मुद्रेवर आनंदापेक्षा निराशाच अधिक दिसते, कारण एवढ्या क्षुल्लक कारणासाठी त्याने दोन आठवडे चिंता केलेली असते व चिंतेला शोभेल असे बिल झालेले नसते. तेव्हा तो मेकॅनिकला म्हणतो की झाकण उघडलेच आहे तर प्लगही बदलून टाका. प्लग बदलले जातात. ते आधीही चांगलेच होते, त्यामुळे काही बिघडत नाही. नळीचा तुकडा पाण्यात जातो, जुने प्लग मात्र पुढचा आठवडाभर होडीच्या फळीवर सर्वांना दिसत राहतात, आणि दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात शेजारच्या होडीचे मशीन रेस घेऊ लागले की प्लगपक्षाजवळ प्रथमच पुरावा असतो.